मामा, ते शेंदाडच होतं

मामा, तुमच्या दशक्रियेच्या कामांची यादी मी तुम्ही गेलात त्याच संध्याकाळी केली. एकतीस कामं निघाली. मांडववाल्याला निरोप, प्रवचनकार महाराजांची वेळ, माझ्या माहेरच्या, दौंडच्या माणसांची उतरायची सोय, पाण्याचा टँकर, पत्रावळ्या. प्रत्येक कामापुढे एक नाव आणि एक वेळ. दहाव्या दिवशी घोडनदीच्या काठावर सगळं ठरल्याप्रमाणे पार पडलं. पिंडाला कावळासुद्धा लगेच शिवला. माझ्या शेजारच्या बायका म्हणाल्या, "आबांची कायबी इच्छा राह्यली न्हाई बगा." मी मान हलवली.

राहिली होती. ती कोणती, हे मला माहीत होतं. कावळ्याला माहीत नसावं.

गल्ली तुम्हाला आबा म्हणायची. मी लग्न होऊन आले तेव्हापासून रीतीप्रमाणे सासूबाईंना आत्या आणि सासऱ्यांना मामाच म्हणत आले. इथेही तेच म्हणते. माझ्यानं दुसरं काही लिहवणार नाही.

आत्या गेल्यानंतर वर्षभरानं तुम्ही मेंढरं पुतण्याच्या हवाली करून निमोण्याहून आमच्याकडे शिरूरला राहायला आलात. तुमचा मुलगा रांजणगावला कंपनीत, शिफ्टप्रमाणे कधी घरात, कधी नाही. मी शाळेच्या कार्यालयात. घर चालवायचं म्हणजे वेळापत्रक हवं, म्हणून मी तुमच्यासाठीही एक केलं. उठणं, अंघोळ, बीपीची गोळी, जेवण, फिरणं. स्वच्छ अक्षरात लिहून फ्रिजच्या दारावर चिकटवलं. तुम्हाला वाचता येत नाही, हे तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं. मग मी ते तुम्हाला वाचून दाखवलं. तुम्ही पटका नीट करत शेवटपर्यंत ऐकलंत आणि म्हणालात, "मेंढरास्नी बी आम्ही येवढं बांधत न्हवतो." आणि मग सहा वर्षं ते पाळलंत.

घरामागची बाग माझी होती. पंधरा फूट बाय वीस. तिची वही वेगळी. कोणतं झाड, कुठून आणलं, कधी लावलं, खत कधी. प्रत्येकाला पत्र्याची पट्टी, तिच्यावर ऑइलपेंटनं नाव. तुम्ही कधी मोजलं नाहीत. चहा घेऊन मागच्या पायरीवर बसायचात आणि नुसतं बघायचात. एकदा मी ऑफिसातून आले तर म्हणालात, "त्या कढीपत्त्याच्या अल्याडचं कायतरी गेलंय." मी वही काढली. खरंच, पुदिन्याची कुंडी कामवाल्या बाईनं पाणी भरताना हलवली होती. मी विचारलं, कसं कळलं? तर म्हणालात, "दीडशे मेंढरं रोज कोण मोजत बसंल? बघायचं. एक कमी असलं की डोळ्याला टोचतं."

मला गंमत वाटली होती. ती मी शाळेत सांगितलीही. पण अशा माणसाच्या डोळ्यावर विश्वास ठेवावा, एवढं मात्र सुचलं नाही.

गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या शेवटी तुमच्या पुतण्याची मेंढरं निमोण्यात एकाच्या रानात बसवली होती. रात्री कळप रानात बसवतात, शेताला लेंडीखत मिळतं, मेंढपाळाला धान्य मिळतं, हे मला तुमच्याकडूनच कळलं. तुम्ही तिथून दोन पोती लेंड्या आणल्यात, समोरच्या पवार भाऊंच्या एसटीच्या टपावर टाकून. पवार भाऊ कंडक्टर. पोती उतरवताना ओरडले, "आबा, निम्म्या गाडीनं नाकाला रुमाल लावला!" तुम्ही म्हणालात, "निम्म्यानं न्हाई लावला न्हवं? ती आमची मान्सं." मी मात्र दार लावून घेतलं होतं. गल्लीत वास पसरला होता आणि मला वाटत होतं, सगळे माझ्याकडेच बघताहेत.

वाफ्यांना ते खत घातलं. आषाढ लागताच धुण्याच्या दगडाशेजारी एक वेल उगवला. मी लावलेला नव्हता. वहीत नव्हता.

"मामा, हे कोणी लावलं?"

"कुनी न्हाई. आपूआप आलंय."

"आपोआप आलेलं म्हणजे तण."

"मग मी बी तणच म्हन की. मी बी तुझ्या घरी आपूआपच आलोय."

मी हसले. तुम्हीही हसलात. त्या वेलाबद्दल आपण एकत्र हसलो ते तेवढंच.

वेलाला मी फळं धरेपर्यंतची मुदत दिली. नाव कळलं तर पट्टी लावू, नाही तर उपटू. तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलंत, "शेंदाड हाय, रानातलं खरबूजच म्हन. लेंडीतनं बी आलं असंल. मेंढरं शेंदाड खात्यात, बी तसंच पडतं." मी म्हटलं, नक्की का? तर म्हणालात, "नक्की कशाला म्हनू? वेल समदे सारखेच दिसत्यात. फळ पिकू दे, देठ आपलं आपन सुटू दे, मग सांगतो." मला हे उत्तरच वाटलं नाही. ज्याला माहीत असतं तो लगेच सांगतो, अशी माझी समजूत. ऑफिसात तशीच माणसं बघितलेली.

मग तुम्ही शेंदाडाची गोष्ट सांगितलीत. तुमचा कळप भीमेच्या कडेकडेनं खाली जायचा तेव्हाची. "तुझ्या दौंडला रुळाच्या कडंला लई असायची. वास आला की मेंढरं हालायची न्हाईत. आमी बी न्हाई. दिवसभर भाकरी नसली तरी चालायचं." मी दौंडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढले, मामा. कुंपणापलीकडून मेंढरं जाताना आम्ही पोरी नाक धरून उभ्या राहायचो. त्यांच्या मागे चालणाऱ्या माणसांकडे मी कधी बघितल्याचं आठवत नाही. त्यातले एखादे तुम्हीही असाल. हे तेव्हाच मनात आलं होतं. तुम्हाला बोलले नाही. पोळ्या करायच्या होत्या.

वेलाला फळं धरली. लिंबापेक्षा मोठी, हिरवी, पांढरट पट्ट्यांची. मी एक तोडून जिभेला लावलं. कडूजहर. तुम्ही पायरीवरून म्हणालात, "कच्चं कडूच असतंय, सूनबाई." मी ऐकलं नाही. दुसरं फळ डब्यात घालून शाळेत नेलं आणि विज्ञानाच्या सरांपुढे ठेवलं. पान नेलं नाही. पान डब्यात सुकेल, एवढाच विचार. सरांनी फळ कापलं, चव घेतली, थुंकले. म्हणाले, "काकडीच्या कुळातलं आहे. इतकं कडू म्हणजे इंद्रावण असावं. पण पिकलेलं फळ पाहिल्याशिवाय नक्की नाही सांगता येणार."

शेवटचं वाक्य तुमचंच होतं. शिकलेल्या माणसाच्या तोंडून आलं तरी मी ते वहीत उतरवताना गाळलं. वहीत लिहिलं: इंद्रावण. विषारी. रविवारी काढणे.

घरी येऊन तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही उठून वेलापाशी गेलात. एक पान तोडून माझ्यापुढे धरलंत. "इंद्रावनाचं पान फाटकं असतं, कलिंगडावानी. हे बघ, गोल हाय. सरास्नी दावलं का?"

मी म्हटलं, "मामा, सर एम.एस्सी. आहेत."

तुम्ही पान घेऊन खाली वाकलात. मग ते वेलाच्या बुडाशी ठेवलंत. टाकलं नाहीत, ठेवलंत.

रविवारची वाट बघावी लागली नाही. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर पवार भाऊंची मुलगी राणी आणि तिच्या मैत्रिणी नेहमीसारख्या तुमच्याकडे आल्या. गल्लीतली मुलं तुमच्यामागे असायचीच. कोणतं गवत गाईला चालतं, कोणत्या पाल्यानं रक्त थांबतं, हे विचारायला. राणीनं तुमची पाठ वळल्यावर एक फळ तोडलं, चावलं, आणि अशी किंचाळली की चार घरांतून बायका बाहेर आल्या. तिला काही झालं नव्हतं. तोंड कडू झालं होतं आणि ती घाबरली होती. मी गौरीसाठी भांडी घासायला काढली होती. ती टाकून धावले.

काय बोलले ते गल्लीनं ऐकलं आहे. तरी लिहिते. मी म्हटलं, "मामा, लेकरांच्या जिवावर उठलात का? विषारी आहे, सांगितलं होतं ना तुम्हाला?"

तुम्ही म्हणालात, "कच्चं तोडलं पोरीनं. देठ सुटल्याबिगर हात लावू नगा, म्या सांगितलं हुतं."

"पुरे झालं तुमचं देठ!"

आतून रबरी हातमोजे आणून मी सगळ्यांसमोर तो वेल मुळासकट उपटला. हातमोज्यांची गरज नव्हती. ते मी लोकांसाठी घातले होते. तुम्ही फक्त एवढंच म्हणालात, "चार दिस थांबली असतीस." आणि आत जाऊन खाटेवर बसलात, भिंतीकडे तोंड करून. दुपारच्या गोळीची वेळ झाली तेव्हा मी गोळी आणि पाणी घेऊन आले, तर घेतलीत. वेळापत्रक चुकलं नाही.

त्यानंतर मुलं यायची बंद झाली. मीच आयांना सांगत फिरले होते, जरा लक्ष ठेवा, मामांना आता नीट ओळखू येत नाही. हे वाक्य माझंच. मी ते चार घरी जाऊन बोलले. एक राणी तेवढी यायची. ती एकदा कुंपणावरचा कसलासा पाला घेऊन आली. "आबा, हे काय ओ?" मी स्वयंपाकघराच्या खिडकीत होते. तुम्ही पाल्याकडे पाहिलंतसुद्धा नाही. म्हणालात, "तुझ्या काकूला इचार. तिच्या वहीत असंल."

त्यात टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं.

आता जे कोणाला ठाऊक नाही ते. गौरी जेवून गेल्या, पाहुणे गेले. त्यानंतर एका दुपारी मी धुण्याच्या दगडामागची मोरी साफ करायला घेतली. दगडाच्या मागे वास येत होता. आधी वाटलं, कोणाच्या घरी खरबूज कापलं असेल. मग वाटलं, भाद्रपदात कुठलं खरबूज? दगडाआड हात घातला तर एक फळ निघालं. वेल उपटताना गळून मागे गेलेलं. पिवळंधमक, एका बाजूनं उललेलं. देठ आपोआप सुटून गेला होता, जागेवर नुसती गोल खूण.

मी सुरी आणली. कापलं. टोकाचा एक तुकडा जिभेवर ठेवला आणि थांबले, जसं थांबायला हवं तसं. कडू नव्हतं. मग दुसरा तुकडा. मग उभ्या उभ्या, मोरीपाशी, मी ते सगळं खाल्लं, मामा. तुम्ही दहा पावलांवर, आत, खाटेवर होतात. साल मी कचऱ्याच्या तळाशी दाबली. हात साबणानं धुतले. रात्री वही काढून "विषारी" या शब्दावर रेघ मारली आणि वही कपाटात ठेवली. चूक दुरुस्त झाली, असं मनाशी म्हटलं. ज्याच्याबाबतीत चूक केली तो माणूस शेजारच्या खोलीत खोकत होता.

पुढे आठ महिने होते. मी रोज तुम्हाला दोन वेळचं जेवण वाढलं. रोज गोळ्या दिल्या. दवाखान्यात नेलं, डोळ्यांचं ऑपरेशन करून आणलं, प्रत्येक थेंबाची वेळ पाळली. लोक म्हणतात, सुनेनं फार केलं. केलंच. काम करणं मला जमतं. "मामा, तुमचं बरोबर होतं," या चार शब्दांना किती वेळ लागतो? दोन-तीनदा तोंडापर्यंत आलं. एकदा तर तुम्ही पायरीवर एकटेच ऊन खात बसला होतात. मी शेजारी बसले. तुम्ही सरकून जागा दिलीत. मी म्हटलं, "मामा…" तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, खूप वेळ. मी म्हटलं, "उद्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे सकाळी नऊला निघायचं." तुम्ही म्हणालात, "व्हय, निघू."

आणि वैशाखातल्या एका दुपारी तुम्ही जेवून पडलात ते उठलाच नाहीत.

दशक्रियेला आपल्याकडे माईकवर बोलायची पद्धत आहे. महाराजांचं प्रवचन झालं, दोन पुढारी बोलले, मग पवार भाऊ उठले. रडत होते. म्हणाले, "आबा म्हंजी देवमानूस. भोळा मानूस. एकदा इंद्रावनाचा वेल, शेंदाड म्हनून पानी घालत बसले हुते. पोरांचं नशीब म्हनून वहिनींचं ध्यान गेलं." मांडवात लोक हलकं हसले, मायेनं हसतात तसं. तुमचा मुलगाही हसला, डोळे पुसत. चार बायकांनी माझ्याकडे कौतुकानं पाहिलं.

माईक दहा पावलांवर होता. मी शाळेत झेंडावंदनाला दरवर्षी माईकवर सूचना देते. मला माईकची भीती नाही. मी पदर डोक्यावर ओढून घेतला आणि जमिनीकडे बघत राहिले. म्हणजे तुम्ही जिवंत असताना तुम्हाला एकदा खोटं पाडलं, आणि तुम्ही पिंडात असताना दुसऱ्यांदा. दुसरी वेळ जास्त वाईट. पहिल्या वेळी मला निदान खरं माहीत नव्हतं.

तेरावं झाल्यावर मी समोरच्या घरी गेले. पवार भाऊ ड्यूटीवर होते. सुनंदा, राणीची आई, दारात गहू निवडत बसली होती. मी उभ्यानंच सांगून टाकलं. शेंदाडच होतं. मी खाल्लं. मामा खरे होते आणि मी आठ महिने तोंड उघडलं नाही.

सुनंदानं सूप खाली ठेवलं. "बसा की वहिनी." मी बसले नाही. ती म्हणाली, "मला ठावं हाय. आबांनी सांगितलं हुतं तवाच."

मला वाटलं, तिला समजलं नाही. मी पुन्हा सांगायला लागले. तिनं माझा हात धरून बसवलं.

"गौरी गेल्यावर दोन दिसांनी आबा आलेले. इथंच बसले. म्हणले, सूनबाईनं चहा दिला, तर हाताला शेंदाडाचा वास. लई वर्सांनी आला म्हणले नाकात. मी म्हणलं, मग आबा, तुमीच खरं की! सांगते समद्या गल्लीला. तर म्हणले, नगं. तिची शोभा हुईल. ह्यांना बी सांगू नगंस म्हणले, मान्सं बोलून जात्यात. म्हनून तर ह्यांनी परवा तसं सांगितलं न्हवं. मी मातर राणीला कधी अडवलं न्हाई."

मी विचारलं, आणखी काय म्हणाले?

सुनंदानं सूप पुन्हा मांडीवर घेतलं. "म्हणले, निसतं इचारावं वाटतंय, गोड निघालं का. पर म्या इचारलं तर तिला वाटंल, मामानं पकडलं. सांगंल म्हणले तिच्या सवडीनं. मग रोज सांजच्याला मी इचारायची, आबा, सांगितलं का वहिनींनी? तर हसायचे. म्हणायचे, शाळंत लई कामं असत्यात तिला."

पवार भाऊंना मी त्याच संध्याकाळी सांगितलं. ज्या चार घरी जाऊन मी तुमच्या नजरेबद्दल बोलले होते, त्या चारही घरी गेले. सरांना सांगितलं. तुमच्या मुलाला सांगितलं. तो उठून बाहेर गेला आणि तासाभरानं परत आला. मांडवात दोनशे माणसं होती. त्या सगळ्यांच्या घरी मला जाता येणार नाही, म्हणून हे आपल्या साप्ताहिकात छापायला देते आहे. निमोण्यात, रांजणगावात, शिरूरला ज्यांनी पवार भाऊंचं बोलणं ऐकलं, त्यांनी हे वाचावं आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवावं: आबांनी ओळखण्यात चूक केली नव्हती. चूक त्यांच्या सुनेची होती, आणि तिला ती कळली होती.

तुम्ही जे विचारलं नाहीत त्याचं उत्तर देते, मामा. गोड होतं. खरबुजाएवढं नाही, पण गोड. सालीजवळ किंचित आंबट. बिया पुष्कळ. वास इतका की हात तीनदा धुवावा लागला, तरी गेला नसणार.

आणि मोठं होतं. दोघांना पुरलं असतं.